बाईकचा सेल्फ लागत नाही? नवी बॅटरी घ्यायच्या आधी हे मोजून बघा

सेल्फचं बटण दाबलं आणि नुसतं टक झालं की बहुतेकांच्या तोंडून पहिलं निघतं ते म्हणजे बॅटरी गेली. मीपण तेच म्हणायचो. दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या, दोन्ही वेळा चार-पाच महिने गाडी मस्त चालली आणि मग परत तेच रडगाणं, आणि शेवटी सापडलं काय तर अर्थिंगची (बॅटरीच्या निगेटिव्हकडून येणारी) जाड वायर इंजिनाला जिथे बोल्टने कसलेली असते तिथे आतून पांढरट-हिरवा गंज धरला होता. बोल्ट काढला, पॉलिश पेपर मारला, परत कसला, झालं काम. बॅटरी नवीन होती तोवर तिच्या अंगात जोर होता म्हणून तो अडथळा ओलांडून सेल्फची मोटर फिरायची, जरा जुनी झाली की अडायची, एवढंच होतं ते. तेव्हापासून माझा नियम एकच, आधी मोजायचं मग पार्ट घ्यायचा. कुठे काय आणि कसं मोजायचं ते खाली सगळं सांगतो.

लागणारं सामान फार नाही. एक डिजिटल मल्टीमीटर (साधा पण चालतो, फक्त डीसी व्होल्ट दशांशाच्या पुढे दोन आकडे दाखवणारा बघा), टर्मिनलच्या स्क्रूला बसेल असा स्क्रू ड्रायव्हर, ८ आणि १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर किंवा छोटा तारेचा ब्रश, थोडं व्हॅसलिन आणि दोन-तीन जादाचे फ्यूज. मीटर नसेल तर आधी मीटर घ्या, कारण त्याच्याशिवाय हे सगळं अंदाजपंचे होतं.

आधी आवाज ऐका

सीट उघडायच्या आधी चावी ऑन करा, गाडी न्यूट्रलला घ्या, बटण दाबा आणि कान देऊन ऐका, सोबत स्पीडोमीटरच्या लाईटकडे किंवा हेडलाईटकडे बघत रहा. अर्धं निदान इथेच होतं.

टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल लूज आहे. असं का होतं तर रिले (बटण दाबलं की बॅटरी मोटरला जोडणारा विजेचा स्विच) ओढला जातो, मोटरने करंट मागितला की व्होल्टेज एकदम पडतं, रिले सुटतो, सुटला की व्होल्टेज परत वर येतं, रिले परत ओढला जातो, हेच सेकंदात कितीतरी वेळा चालू राहतं.

एकदाच टक झालं आणि शांत, तर लाईट बघा. लाईट एकदम मंद झाली तर करंट जातोय पण पुरत नाहीये, म्हणजे बॅटरी तरी कमजोर आहे किंवा मोटर नाहीतर इंजिन जाम झालंय. लाईट तशीच लख्ख राहिली तर मोटरपर्यंत करंट पोचतच नाहीये, मग संशय रिलेच्या कॉन्टॅक्टवर, वायरवर किंवा मोटरच्या कार्बनवर (आत घासून करंट देणारे ब्रश).

काहीच आवाज नाही पण लाईट, हॉर्न सगळं व्यवस्थित, तर बॅटरीला हात लावू नका, ते प्रकरण स्विचचं आहे. काहीच आवाज नाही आणि लाईटपण नाही, तर मेन फ्यूज किंवा टर्मिनल.

मोटर घुर्रर्र करून जोरात फिरते पण इंजिन फिरत नाही असं वाटलं तर मोटरचा जोर इंजिनाला देणारा आतला वन-वे क्लच घसरतोय, ते घरी होणारं काम नाही. आणि इंजिन नेहमीसारखं छान फिरतंय पण गाडी चालू होत नाही, तर तो वेगळा विषय, त्याचं शेवटाकडे लिहिलंय.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, बटण सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. मध्ये पंधरा-वीस सेकंद थांबा. सतत दाबून ठेवलं की मोटरची वाइंडिंग तापते आणि उरलीसुरली बॅटरीपण संपते.

टर्मिनल आणि फ्यूज

चावी ऑफ. सीट किंवा साईड पॅनल काढा. टर्मिनलची वायर हाताने हलवून बघा, जराही हलली तरी ती लूज आहे असं समजा. दुचाकीचं इंजिन सतत थरथरतं, त्यामुळे टर्मिनलचे स्क्रू हळूहळू सैल होतात आणि वरून बघून अजिबात कळत नाही.

काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट, आधी पॉझिटिव्ह आणि सगळ्यात शेवटी निगेटिव्ह. कारण सोपं आहे, गाडीची अख्खी चॅसिस निगेटिव्हला जोडलेली असते, निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्हचा स्क्रू फिरवताना पाना चॅसिसला टेकला तर सरळ शॉर्ट होतो आणि पाना लाल होईपर्यंत करंट वाहू शकतो. हातात अंगठी, कडं असेल तर काढून ठेवा.

टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी साचली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने लावा, फसफसेल, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं करा. पाण्याची बॅटरी असेल तर सोड्याचं पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका. मग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, वायरच्या टोकाची कडी आतूनसुद्धा घासा (हे लोक विसरतात), घट्ट कसा आणि वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्या. व्हॅसलिन कसून झाल्यावर लावायचं, आधी नाही.

मेन फ्यूज बहुतेक गाड्यांत स्टार्टर रिलेच्या शेजारी किंवा बॅटरीजवळ छोट्या डबीत असतो, बरेचदा तिथेच एक जादा फ्यूज ठेवलेला असतो. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, मीटर कंटिन्युइटीला (जोड सलग असेल तर बीप वाजवणारी सेटिंग) लावून दोन्ही पात्यांवर धरा, बारीक तडा डोळ्याला दिसत नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा टाका, जास्तीचा टाकलात किंवा चांदीचा कागद गुंडाळलात तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. आणि नवा फ्यूज लगेच उडाला तर कुठेतरी वायर सोलून चॅसिसला लागतेय, ती शोधा. हँडलच्या वळणाजवळ आणि टाकीखाली आधी बघा, वायर घासायच्या जागा त्याच.

बॅटरीचं व्होल्टेज

१२ व्होल्टची म्हणतात त्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. म्हणून पूर्ण चार्ज बॅटरी १२ नाही, १२.६ ते १२.८ दाखवते, आणि चांगली सीलबंद एजीएम बॅटरी १२.८ च्या जरा वरपण जाते. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल काडी पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला.

पण लगेच नका मोजू. गाडी नुकतीच चालवून आलात किंवा चार्जर आत्ताच काढला असेल तर वरवरचं व्होल्टेज दिसतं, १३ वगैरे, आणि माणूस खूश होतो. दोन-तीन तास गाडी उभी राहू द्या. घाई असेल तर इंजिन बंद ठेवून हेडलाईट एक मिनिट लावा, बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि मग मोजा.

१२.६ किंवा वर असेल तर पूर्ण चार्ज. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी, इथे सेल्फ कुरकुरायला लागतो. १२ च्या आसपास म्हणजे पावच उरली. ११.८ च्या खाली उतरलेलीच धरा. आणि मीटरवर १०.५ च्या आसपास आलं, चार्ज करूनपण तिथेच अडकून बसलं, तर सहातला एक सेल मेलाय. १२.६ मधून २.१ वजा करा, १०.५ येतं, त्याच्यावर इलाज नाही, ती बॅटरी बदलायचीच.

व्होल्टेज कमी आलं म्हणून बॅटरी खराब असा अर्थ काढू नका. उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यात फरक आहे. आधी चार्ज करा, रात्रभर सोडा, सकाळी परत मोजा. १२.६ टिकून असेल तर बॅटरी अजून कामाची असू शकते, आणि मग प्रश्न असा की ती उतरली का.

सेल्फ मारताना मोजा, खरी परीक्षा इथे आहे

नुसतं व्होल्टेज बघून बॅटरी पास करणारे खूप भेटतात. १२.६ दाखवणारी बॅटरीसुद्धा आतून पोकळ असू शकते, प्लेटांवर सल्फेटचा थर बसला की व्होल्टेज दिसतं पण करंट देता येत नाही. म्हणून मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर तसंच धरून कोणालातरी बटण दाबायला सांगा. मोटर फिरताना आकडा पडणारच, पण साधारण ९.६ च्या खाली जायला नको. १२.६ वरून धाडकन ७-८ वर आला तर आधी फुल चार्ज करून परत ही टेस्ट घ्या, तेव्हापण तसंच झालं आणि इंजिन हाताने किंवा किकने मोकळं फिरतंय, तर बॅटरी गेली असं खात्रीने म्हणा.

आता उलट केस बघा. मोटर मरगळल्यासारखी फिरतेय किंवा फिरतच नाही, पण मीटरवर आकडा ११.५ च्या वरच आहे. म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे पण तिच्याकडून कोणी घेत नाहीये, वाटेत अडथळा आहे. माझ्या गाडीत हेच होतं आणि मी कधी मोजलंच नव्हतं.

अडथळा शोधायची पद्धत अगदी साधी आहे. मीटर डीसी व्होल्टवरच. काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर (वायरच्या कडीवर नाही, खुद्द बॅटरीच्या शिशाच्या भागावर), लाल काडी इंजिनाच्या उघड्या धातूवर, रंग नसलेला एखादा बोल्ट बघा. बटण दाबा. मोटर करंट ओढत असताना ०.२ व्होल्टपर्यंत आलं तर ठीक, त्याच्या बरंच वर, अर्धा-एक व्होल्ट आलं तर अर्थिंगच्या वाटेत गंज किंवा सैल बोल्ट आहे. मग एक एक टप्पा पुढे सरका, टर्मिनल ते कडी, कडी ते वायरचं दुसरं टोक, दुसरं टोक ते इंजिन, आणि जिथे आकडा उडी मारतो तीच जागा खराब. तसंच पॉझिटिव्ह बाजूला, लाल काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी स्टार्टर मोटरच्या जाड वायरच्या नटवर, बटण दाबल्यावर अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर रिलेच्या दोन जाड बोल्टांवर काड्या धरून तसंच मोजा, सगळं व्होल्टेज तिथेच पडत असेल तर रिलेचे कॉन्टॅक्ट जळलेत.

कंटिन्युइटीची बीप वाजली म्हणजे वायर चांगली, हा गैरसमज इथे फार महागात पडतो. पन्नास तारांच्या वायरमध्ये दोनच तारा उरल्या तरी बीप वाजते, कारण मीटर अगदी किंचित करंट पाठवतो, आणि मोटरला लागतात चाळीस-पन्नास किंवा त्याहून जास्त अँपिअर.

बटण दाबलं, काहीच नाही

लाईट-हॉर्न चालू आणि बटणाला प्रतिसाद शून्य असेल तर आधी लाल किल स्विच बघा, दोन-चार वेळा इकडे-तिकडे करा, आत धूळ आणि पाणी जाऊन कॉन्टॅक्ट काळे पडतात. मग क्लच पूर्ण दाबून बघा, साईड स्टँड वर घ्या, न्यूट्रलचा दिवा लागतोय का बघा. बऱ्याच गाड्यांत न्यूट्रल नसेल तर क्लच दाबल्याशिवाय आणि स्टँड वर केल्याशिवाय सेल्फ लागत नाही. क्लच स्विच लिव्हरच्या बुडाशी असतो, स्टँडचा स्विच खाली चिखलात, तिथे पाणी मारून साफ करा आणि कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा.

तरी नाही तर रिलेच्या बारीक वायरच्या सॉकेटमध्ये बटण दाबून मोजा. त्या दोन वायरींमध्ये १२ व्होल्ट येतायत आणि रिले टक पण करत नाही, तर रिले मेला. येतच नसतील तर बटण, स्विच किंवा वायरिंग.

रिलेच्या दोन जाड बोल्टांना जाड स्क्रू ड्रायव्हर टेकवून मोटर थेट फिरवायची युक्ती तुम्ही पाहिली असेल. करायचीच असेल तर चावी ऑफ, गाडी मेन स्टँडवर न्यूट्रलला, पेट्रोलची गळती किंवा वास नाही याची खात्री करून, कारण ठिणगी उडतेच. मोटर फिरली तर मोटर चांगली आणि दोष रिले किंवा त्याच्या अलीकडचा. नाही फिरली, आणि वायरपण ठीक आहे, तर मोटर उघडायची, बहुतेक वेळा कार्बन झिजलेले असतात किंवा आत काळी भुकटी भरलेली असते. कार्बनचा सेट वेगळा मिळत असेल तर अख्खी मोटर घ्यायची गरज नसते.

बॅटरी चांगली पण परत परत उतरते

इथे दोनच शक्यता, भरत नाही किंवा गळते.

भरते का ते बघायला इंजिन चालू करा, मीटर बॅटरीवर, रेस साधारण ४००० आरपीएमला धरा. १३.५ ते १४.५ च्या मध्ये आलं तर चार्जिंग ठीक. आयडलला आकडा कमी दिसेल, बऱ्याच गाड्यांत तसंच असतं. रेस वाढवूनही १२.५ च्या आसपासच रेंगाळलं तर चार्जिंग होत नाहीये. आणि १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय, तो आधी बदला, नाहीतर नवी बॅटरी उकळून फुगेल, बल्ब उडतील आणि पाण्याच्या बॅटरीतलं पाणी दर महिन्याला कमी होईल.

चार्जिंग होत नसेल तर आधी मॅग्नेट कॉइलकडून (इंजिनावर वीज तयार करणारी) रेग्युलेटरकडे जाणारा कनेक्टर शोधा, थ्री फेज गाड्यांत बहुधा तीन पिवळ्या वायरी असतात. तो कनेक्टर वितळलेला, तपकिरी पडलेला खूप वेळा सापडतो, आणि लोक कॉइल बदलत बसतात. कनेक्टर सोडवून कॉइलच्या बाजूला मीटर एसी व्होल्टवर लावा, इंजिन चालू ठेवून दोन-दोन वायरींच्या तिन्ही जोड्या मोजा. तिन्हीत जवळपास सारखं व्होल्टेज आणि रेस वाढवली की ते चढत जातंय, तर कॉइल चांगली, संशय रेग्युलेटरवर. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळलीय. इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी वायर आणि चॅसिस यांच्यात कंटिन्युइटीपण बघा, बीप वाजायला नको, वाजली तर कॉइल आतून अर्थ झाली.

चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून गाडी बंद पडते का बघायची जुनी सवय कृपया सोडा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) जळू शकतो, आणि ते नुकसान कुठल्याही बॅटरीपेक्षा मोठं असतं.

आता गळती. चावी ऑफ करून निगेटिव्ह वायर काढा, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी काढलेल्या वायरला. मीटर असं मध्ये असताना चावी ऑन करू नका आणि सेल्फ तर अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज नाहीतर मीटरच जाईल. साध्या गाडीत आकडा एक-दोन मिलिअँपिअर किंवा शून्यच्या जवळ हवा, घड्याळ आणि अलार्म असेल तर थोडा जास्त. समजा ५० मिलिअँपिअर आला. ५ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) बॅटरी ५० मिलिअँपिअरने १०० तासांत, म्हणजे चार दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि सेल्फ त्याच्या बराच आधी बंद पडतो. म्हणजे आठवडाभर बाहेर जाऊन आलात आणि गाडी मेलेली, याचं उत्तर सापडलं. मग एक एक फ्यूज काढत जा, आकडा पडला की तो सर्किट दोषी. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा नंतर लावलेल्या वस्तू निघतात, जीपीएस ट्रॅकर, मोबाईल चार्जर, जादाचे लाईट, ज्यांची वायर चावीच्या लाईनवर न घेता थेट बॅटरीवर घेतलेली असते.

गळतीपण नाही, चार्जिंगपण ठीक, तरी उतरते? मग तुमचा वापर बघा. रोज पाच मिनिटं चालवून चार वेळा सेल्फ मारलात तर जेवढं काढता तेवढं भरायला वेळच मिळत नाही. किक असेल तर दिवसाचा पहिला स्टार्ट किकने करा.

इंजिन फिरतंय पण पेटत नाही

थोडक्यात सांगतो. चावी ऑन केल्यावर इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा एक-दोन सेकंद झूंऽ असा आवाज येतो, नाही आला तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले. कार्बोरेटर असेल तर पेट्रोल कॉक, चोक आणि टाकीत खरंच पेट्रोल आहे ना ते बघा. प्लग काढा, ओला आला तर पेट्रोल येतंय पण जळत नाहीये, पुसून, सुकवून, थ्रॉटल पूर्ण उघडून काही सेकंद सेल्फ मारा. कोरडा आला तर पेट्रोलच पोचत नाही. आणि एक फसवी केस, इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी अर्धवट असली की मोटर कशीबशी फिरते पण तेवढ्यात व्होल्टेज इतकं पडतं की ईसीयू आणि पंपाला पुरत नाही, म्हणून स्पार्कही नाही. प्लग, पंप, इंजेक्टर बदलायच्या आधी वरची सेल्फ मारतानाची टेस्ट नक्की घ्या.

रस्त्यात अडकलात तर

किक नसेल तर धक्का. चावी ऑन, किल स्विच रनवर, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकला, वेग आला की सीटवर वजन टाकत क्लच झटक्यात सोडा आणि पेटली की लगेच परत दाबा. पहिल्या गिअरमध्ये मागचं चाक लॉक होऊन घसरतं म्हणून दुसरा. गिअरलेस स्कूटर धक्क्याने चालू होत नाही. आणि इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण मेली असेल, स्पीडोमीटरचा दिवापण लागत नसेल, तर दमेपर्यंत ढकलून उपयोग नाही, पंप चालायलाच करंट लागतो.

दुसऱ्या गाडीवरून जम्प द्यायचा असेल तर तीपण १२ व्होल्टचीच हवी, आणि कार असेल तर तिचं इंजिन बंद ठेवा. लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक तुमच्या बाईकच्या इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. चालू झाली की उलट्या क्रमाने काढा.

चार्ज करताना आणि नवी बसवताना

चार्जिंगचा करंट बॅटरीच्या एएचच्या दहाव्या भागाइतका ठेवा, ५ एएचला अर्धा अँपिअर, रिकामी असेल तर दहा तास किंवा थोडे जास्त. कारचा मोठा चार्जर लावून तासाभरात भरायचा प्रयत्न केलात तर प्लेटा वाकतात. पाण्याच्या बॅटरीत पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही, ॲसिड तर नाहीच. अंगावर ॲसिड उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं तर किमान पंधरा मिनिटं पाण्याची धार सोडून सरळ डॉक्टरकडे. लिथियम बॅटरी असेल तर तिला लिथियमचाच चार्जर, आणि वरचे व्होल्टेजचे आकडे तिला लागू नाहीत, ती आरामात १३.२-१३.३ दाखवते आणि १२.८ म्हणजे तिच्यात फारसं काही उरलेलं नसतं.

नवी घेताना व्होल्ट, एएच, माप आणि पॉझिटिव्ह कुठल्या बाजूला आहे हे चारही जुन्याशी जुळवा, टर्मिनल उलट्या बाजूला आलं तर वायर ताणून बसवावी लागते आणि ती पुढे तुटते. ॲसिड भरून मिळणारी बॅटरी असेल तर भरल्यावर निदान अर्धा तास मुरू द्या आणि पहिलं चार्जिंग पूर्ण करूनच गाडीत बसवा, तसंच घाईने बसवली तर ती कधीच पूर्ण ताकदीला येत नाही. बसवली की त्याच दिवशी रेसवरचं चार्जिंग व्होल्टेज आणि चावी ऑफ असतानाची गळती दोन्ही मोजा, आणि दोन्ही आकडे तारखेसकट एका चिकटपट्टीवर लिहून बॅटरीवरच लावून ठेवा, सहा महिन्यांनी सेल्फ कुरकुरला तर कशाशी ताडून बघायचं ते हाताशी असेल.